स्प्रिंट आणि महजर

खोपटच्या एसटी स्थानकावर थोडा वेळ थांबले की एक गोष्ट ध्यानात येते. वेळापत्रकाचा फलक समोर असतो, तरी प्रवासी चौकशीच्या खिडकीकडे वळतात. न शिकलेले वळतात तसे शिकलेलेही वळतात. काही जण तर फलक नीट वाचून घेतात आणि मग आत बसलेल्या वाहतूक नियंत्रकाला तेच विचारतात. तो मान वर न करता उत्तर देतो, आणि माणूस निश्चिंत होऊन बाकावर बसतो. या परिसरात आमचे अनेक वर्षांचे वास्तव्य असल्याने हे दृश्य आमच्या अंगवळणी पडले आहे, आणि त्यात हसण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. फलकावरचे अक्षर कोणी, कधी रंगवले ते कळत नाही. खिडकीतला माणूस मात्र आत्ता, आपल्या तोंडाने सांगत असतो. अडचण एवढीच, की नियंत्रकाची पाळी केव्हातरी संपते.

हे सांगण्याचे प्रयोजन आमच्या पोटापाण्याच्या उद्योगाशी निगडित आहे. मराठी घेऊन आम्ही एम. ए. झालो आणि प्राध्यापकी न मिळाल्याने ‘टेक्निकल रायटर’ झालो. सॉफ्टवेअर कसे वापरावे, ते आतून कसे रचले आहे, याची लिखित माहिती तयार करणे हे आमचे काम. खोपटापासून जवळ असलेली वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथले कित्येक कारखाने गेले आणि त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीतल्या एका कंपनीत आम्ही चौदा वर्षे लिहीत होतो. गेल्या वर्षी आमचे पद रद्द झाले. आता हे काम यंत्र करील, असे आम्हांस सौजन्यपूर्वक सांगण्यात आले. पद गेल्याचे दुःख हा या लेखाचा विषय नव्हे, तरी ते कुठेतरी डोकावणारच; वाचकांनी तेवढी सूट द्यावी.

साहित्याच्या अभ्यासकांनी या कहाणीत लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे म्हणणे असे की, सॉफ्टवेअर तयार करणारे आजचे गट म्हणजे निखळ मौखिक परंपरा आहेत. आणि बोलण्यातून लिखित गद्य केव्हा, कसे आणि कोणाच्या हातून निर्माण होते, हे ज्ञान संगणकशास्त्राच्या वर्गात मिळत नाही. ते मराठीच्या वर्गात मिळते.

पूर्वी असे नव्हते. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात हिशेब मांडला होता : पन्नास लाख डॉलरचे यंत्र खरेदी करायचे तर तीस पानांचे वर्णन पुरते, पण तेवढ्याच किमतीचे सॉफ्टवेअर घ्यायचे तर दीड हजार पाने लागतील. पुढची तीस वर्षे उद्योगाने हा हिशेब मनोभावे पाळला. काम सुरू होण्याआधी जाडजूड बाडे तयार होत, त्यांवर सह्या होत, आणि काम सुरू झाले की ती कपाटात जात. काम बदलत जाई, बाड तसेच राही. आम्ही या धंद्यात शिरलो तेव्हा ही बाडे अजून होती, आणि त्यांच्याबद्दल गळा काढण्याची आमची इच्छा नाही. ‘माहिती जतन करण्यासाठी जतन करा हे बटण दाबावे’ असली वाक्ये आम्ही स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत. ती कोणी वाचली नाहीत, हे वाचणाऱ्यांच्या रसिकतेचे लक्षणच म्हटले पाहिजे.

या बाडांना कंटाळलेले सतरा जण फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे जमले आणि त्यांनी एक छोटेखानी जाहीरनामा लिहिला. त्यातून ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, म्हणवणारी कार्यपद्धती रूढ झाली. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर आम्ही मोलाचे मानतो, हे त्यातले एक कलम. कागदपत्रांनाही मोल आहे, केवळ तुलनेने कमी, असा खुलासाही तिथेच, चार ओळींच्या खाली, केलेला आहे. पण जाहीरनाम्याची गत सुभाषितासारखी होते. लोकांच्या तोंडी अर्धेच राहते. सोबतच्या तत्त्वांमध्ये समोरासमोरचे बोलणे हे माहिती पोचवण्याचे सर्वांत उत्तम साधन, असेही म्हटले आहे. चौकशीच्या खिडकीचे तत्त्वज्ञान याहून वेगळे नाही.

ही पद्धती जिथे रुळली आहे तिथला दिनक्रम असा. दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला ‘स्प्रिंट’ म्हणायचे. रोज सकाळी पंधरा मिनिटे सगळ्यांनी उभ्याउभ्या बोलायचे. काय करायचे ते दोन-तीन ओळींत मांडायचे, त्याला ‘युजर स्टोरी’ म्हणायचे. आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांना या ‘स्टोरी’चे मोठे कुतूहल वाटले होते. एक नमुना वाचून ते म्हणाले, “अहो, यात पात्र आहे, इच्छा आहे, पण घडत तर काहीच नाही!” त्यांचे निरीक्षण मार्मिक होते. ही गोष्ट लिहिण्यासाठी नसतेच, बोलण्याचे निमित्त म्हणून असते. ती घडते बैठकीत, आणि बैठक संपली की हवेत विरते.

आता आमच्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो.

आमची कंपनी पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करीत असे. मुदत ठेवींवरील व्याज काढणाऱ्या भागात एक विचित्र अट होती. ठरावीक तारखेपूर्वीच्या ठेवींसाठी वर्ष नेहमी ३६५ दिवसांचे धरले जाई. नंतरच्या ठेवींसाठी मात्र लीप वर्षात ३६६. २०२४ च्या फेब्रुवारीच्या सुमारास एका हुशार आणि कामसू मुलीच्या नजरेस ही विसंगती पडली. तिने चारचौघांना विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा तिने, कोणीही शहाणा माणूस करील तेच केले : दोन नियमांचा एक नियम केला. तपासण्या पार पडल्या, टप्पा संपला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काही महिन्यांनी एका पतपेढीत एक निवृत्त शिक्षक आपली पावती घेऊन आले. एक लाखाच्या ठेवीवर नऊ टक्क्यांनी वर्षभराचे व्याज त्यांना ९,००० रुपये मिळाले होते. त्यांच्या पेन्सिलीच्या हिशेबाने ते ९,०२४ रुपये ६६ पैसे व्हायला हवे होते. पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापले होते की व्याज प्रत्यक्ष दिवसांवर, ३६५ दिवसांचे वर्ष धरून आकारले जाईल. लीप वर्षातल्या ३६६व्या दिवसाचेही व्याज द्यायचे, पण भागाकार ३६५ नेच करायचा, असा त्याचा अर्थ. गुरुजींचे गणित बरोबर होते. जुन्या पावत्यांवर हे कलम होते, नव्या छापताना ते बदलले. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन नियम होते. सहा वर्षांपूर्वी एका बैठकीत यावर तासभर खल झाला होता. त्या बैठकीतला एक सहकारी नोकरी सोडून डोंबिवलीस स्थायिक झाला होता. त्याला फोन केला तेव्हा त्याला अर्धे आठवले. उरलेले अर्धे पतपेढीच्या जुन्या व्यवस्थापकांनी पुरवले.

चोवीस रुपयांची गोष्ट, असे म्हणून ती उडवून लावता येईल. पण तशा ठेवी पुष्कळ होत्या, आणि पतपेढी विश्वासावर चालते. शिवाय चूक कोणाची, हा प्रश्न निघाला तेव्हा बोट त्या मुलीकडे दाखवले गेले. तिने विचारले होते, हे कुठे नोंदलेले नव्हते. तेही बोलण्यातच झाले होते.

या प्रकरणात आमचाही दोष आहे. त्या भागाची लिखित माहिती आमच्याच हातची होती. व्याज कसे काढले जाते, याचे आम्ही चार पानी, आकृत्यांसह वर्णन केले होते, आणि त्यात दोन्ही नियम अचूक नमूद होते. का, ते नव्हते. आम्ही त्या बैठकीला नव्हतो. लेखकाला बैठकीस बोलावण्याची प्रथा नव्हती. आणि आम्ही विचारले नाही. जे आहे ते सुबकपणे लिहावे, एवढीच आमची आमच्या कामाविषयीची समज होती.

पुढे कंपनीने यंत्राकरवी, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, माहिती लिहून घ्यायला सुरुवात केली तेव्हा आम्ही मुद्दाम जुना, दुरुस्तीपूर्वीचा भाग तिच्यापुढे ठेवला. तिने काही क्षणांत आमच्यापेक्षा नीटस वर्णन लिहिले. त्या अटीपाशी आल्यावर तिने लिहिले की जुन्या ठेवींसाठी ‘ऐतिहासिक कारणांमुळे’ वेगळा नियम आहे. हे दोन शब्द वाचून आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेतल्या उत्तरपत्रिका आठवल्या. ‘तत्कालीन सामाजिक परिस्थितीमुळे’ असे आम्ही नाही का लिहीत असू, परिस्थिती ठाऊक नसली की! यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने जे उपलब्ध होते ते सगळे वाचले. कारण उपलब्धच नव्हते. ते एका पावतीच्या पाठीवर आणि दोन माणसांच्या डोक्यात होते.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ च्या एका निबंधात याहून टोकाची भूमिका घेतली होती. प्रोग्राम म्हणजे केवळ लिहिलेल्या ओळी नव्हेत; तो ज्यांनी रचला त्यांच्या मनात त्याची एक उपपत्ती असते, ती कागदावर पूर्णपणे उतरत नाही, आणि ती माणसे पांगली की प्रोग्राम मृत होतो, असे त्यांचे प्रतिपादन. अ‍ॅजाइलच्या कागदद्वेष्ट्यांना हा निबंध फार प्रिय आहे. पूर्णपणे उतरत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण म्हणून काहीच उतरवू नये, हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी महानुभावांचा इतिहास वाचावा. चक्रधरस्वामींच्या निरूपणाची उपपत्तीही त्यांच्या सान्निध्यातल्या माणसांच्या मनातच होती. म्हाइंभट रिद्धपूरला नागदेवाचार्यांना प्रश्न विचारीत बसले, ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांना गाठत हिंडले, म्हणून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे धामधुमीत मूळ प्रत गेली असे परंपरा सांगते, तेव्हा पाठ असलेल्यांनी ती पुन्हा जुळवली. आणि एकाच लीळेचे निरनिराळ्यांना आठवणारे पाठही ग्रंथात राहू दिले. आपल्या गद्याचा आरंभ असा विचारपूस करणाऱ्याच्या हातून झाला आहे. म्हाइंभट प्रसंगी स्वतः हजर नव्हते; विचारायला गेले.

मात्र सॉफ्टवेअरच्या गटाला ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ नको आहे. पुन्हा दीड हजार पाने होतील. आमच्या मते त्याला हवा आहे तो आपल्याकडचा दुसराच एक लेखनप्रकार : महजर.

प्राचीन मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात बखरीच्या शेजारी महजर, करीना, कैफियत ही नावे येतात आणि बहुधा एका परिच्छेदात आटोपतात. बखर वाङ्मय आणि महजर नुसता कागद, असा आपला भेदभाव आहे. पण राजवाड्यांच्या साधनखंडांत किंवा अन्यत्र छापलेला एखादा महजर सावकाश वाचावा. पाटीलकीचा, कुलकर्णाचा तंटा गोतसभेपुढे आला आहे. आरंभी दिवस आणि ठिकाण. मग मजलशीस हजर असलेल्यांची नावे. मग अग्रवादी काय म्हणतो, पश्चिमवादी काय म्हणतो, दोघांच्या तक्रिरी, वतनाचा पूर्वापार करीना, साक्षीदारांच्या जबान्या. इतके झाल्यावर निवाडा. खाली निशाण्या; अक्षरशत्रू शेतकऱ्याचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारे. आणि आम्हांस सर्वांत अपूर्व वाटते ते हे, की हरलेला पक्ष येजितखत लिहून देत असे : माझे म्हणणे असे होते, ते सिद्ध झाले नाही. म्हणजे जी बाजू स्वीकारली गेली नाही तीसुद्धा कागदावर राहिली. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या आपल्या ग्रंथात या कागदांचा साक्षेपाने विचार केला आहे. साहित्याच्या माणसांनी तो क्वचितच उघडला असेल.

महजराचा गौरव करताना भाबडेपणा नको. बनावट महजरही पुष्कळ झाले, आणि साक्षीपुराव्याने भागले नाही तर दिव्याचा आश्रय घेतला जाई. तापलेले लोखंड हातावर घेण्याची पद्धत कोणत्याही कार्यालयात पुनरुज्जीवित व्हावी अशी आमची शिफारस नाही, जरी काही बैठकांत तो विचार मनात येऊन गेला आहे.

गंमत अशी की अमेरिकेत हाच प्रकार नव्याने शोधला गेला. २०११ साली मायकेल नायगार्ड या प्रोग्रामरने सुचवले की प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाचे एखाद-दोन पानी टिपण करावे. परिस्थिती काय होती, काय ठरले, त्याचे परिणाम काय होतील, एवढेच त्यात असावे. टिपणांना अनुक्रमांक द्यावेत. आणि निर्णय फिरला तरी जुने टिपण नष्ट न करता ते कोणत्या नव्या टिपणाने रद्द झाले तेवढे नोंदवावे. दोन आठवड्यांच्या टप्प्यात एक पान लिहिणे अशक्य नाही. अनेक ठिकाणी ही पद्धत चालते, अनेक ठिकाणी पहिल्या पाच-सात टिपणांनंतर बारगळते. का बारगळते, याचे उत्तर तंत्रात नाही. नाकारलेली बाजू न्याय्यपणे लिहिणे हे कठीण गद्य आहे. ज्याचा प्रस्ताव मान्य झाला तो लिहितो तेव्हा दुसरी बाजू मूर्खपणाची वाटू लागते. ज्याचा नाकारला गेला तो लिहीत नाही. तिथे तिसरा माणूस लागतो, ज्याला विचारता येते, दोन्ही बाजू ऐकून एका परिच्छेदात मांडता येतात, आणि ‘सर्वानुमते ठरले’ हे वाक्य लिहिताना लाज वाटते.

हे शेवटचे वाक्य आपल्या सार्वजनिक गद्याला जडलेला रोगच आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांची इतिवृत्ते आम्ही चाळली. पाण्याच्या टाकीपासून पुनर्विकासापर्यंत, ज्यावरून शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलणे टाकले ते विषय, एकेका ओळीत संपले आहेत : सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. भांडणाचा मागमूस नाही. दहा वर्षांनी नवी कार्यकारिणी तेच भांडण पहिल्यापासून करणार, कारण पूर्वी काय युक्तिवाद झाले होते ते कोणालाच ठाऊक नसणार. यात संगणकाचा काही संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आमची तक्रार कंपन्यांपेक्षा आपल्या मराठी विभागांकडे आहे. उपयोजित मराठीच्या तासाला अर्ज, जाहिरात, सूत्रसंचालन, निवेदन शिकवले जाते आणि त्याला रोजगाराभिमुख म्हटले जाते. प्राचीन गद्याच्या तासाला महजर शिकवला जातो आणि त्याला परंपरा म्हटले जाते. दोन्ही तास अनेकदा एकाच इमारतीत, कधी एकाच प्राध्यापकांकडे असतात. त्यांची गाठ मात्र पडत नाही. विद्यार्थ्याला ‘वृत्तान्तलेखन’ म्हणून जे शिकवले जाते त्यात घडलेले सांगायचे असते, मतभेद गाळायचे असतात. आम्हांस उलट शिकवणूक हवी आहे. यंत्रे वर्णन लिहू लागली आहेत आणि ते बरे लिहितात. अर्ज आणि निवेदने तर ती आपल्याहून लवकर लिहितील. बैठकीत एक जण बोलता बोलता गप्प झाला, तो का गप्प झाला, हे बैठकीनंतर त्याच्यापाशी जाऊन विचारणे आणि त्याच्या संमतीने दोन वाक्यांत लिहिणे, हे काम अजून माणसाचे आहे. त्यासाठी मराठीच्या पदवीधराहून अधिक लायक कोण, असे आम्ही म्हटले असते. पण आम्ही स्वतः चौदा वर्षे ते केले नाही, तेव्हा आवाज जरा खाली ठेवतो.

एका महाविद्यालयातल्या स्नेह्यांच्या वर्गावर आम्ही नुकताच एक प्रयोग करून पाहिला. तृतीय वर्षाच्या अकरा विद्यार्थ्यांना सांगितले : आपल्या सोसायटीची, मंडळाची किंवा घरातली एखादी अशी बैठक निवडा जिथे मतभेद झाला. एक पान लिहा. हजर कोण, प्रश्न काय, दोन्ही बाजू काय, ठरले काय. हरलेल्या बाजूच्या माणसाला ते वाचून दाखवा आणि ‘माझे म्हणणे हेच होते’ अशी त्याची सही आणा. अकरापैकी चौघांना पहिल्या खेपेस सही मिळाली. बाकीच्यांना दोन-दोन, तीन-तीनदा लिहावे लागले. एका मुलाने आजोबांच्या गावच्या जमिनीविषयी घरात झालेली बैठक घेतली होती. त्याच्या काकूंनी पाच खेपा सही दिली नाही. सहाव्या खेपेस त्यांनी त्याच्या हातचे पेन घेतले आणि एक वाक्य स्वतःच घालून सही केली. ते वाक्य बैठकीत त्या बोलल्याच नव्हत्या.

त्या पानाला किती गुण द्यावेत, यावर आमचे आणि स्नेह्यांचे अद्याप एकमत झालेले नाही. त्यांचे म्हणणे, जे बोलले गेले नाही ते नोंदीत कसे घ्यावे? आमचे म्हणणे, त्या वाक्याच्या पुढे कंसात तेवढी नोंद करावी आणि ते ठेवावे.